प्रस्थानाचं गठुडं

तेलगावहून बीडला कापसाच्या गाड्या जात, तेव्हा पोत्यांच्या थप्पीवर दोन माणसं बसतील एवढी जागा उरत असे. सत्यभामेनं ही गोष्ट लग्न होऊन आली त्याच वर्षी हेरून ठेवली होती. गाडी फुकट. भाकरी घरची. पेठेतल्या धर्मशाळेत वाटसरूला निजायला चटई आणि रांधायला शिधा मिळतो, हेही तिनं जाऊन आलेल्यांकडून काढून घेतलं होतं. वेशी, कारंजाचा बुरूज, पाण्यात उभं असलेलं कंकाळेश्वराचं देऊळ, खजान्याची बाव ही मोठी विहीर, यातलं काहीही बघायला कोणी काही मागत नाही. म्हणजे शहर बघायला तिला डोळ्यांखेरीज काही लागणार नव्हतं. तरी ते बघायला सोळा वर्षं गेली.

दर साली गाडीवरची ती जागा दुसऱ्याच कोणाला तरी लागे. एकदा सासूबाईंना डोळे दाखवायचे होते. एकदा दिराची अदालतीत तारीख होती. एका साली तर दिराच्या मित्राला नुसतंच जायचं होतं, आणि तो गेला. सत्यभामा पोती शिवून देई आणि गाडी वळणापार होईपर्यंत बघत राही.

हैदराबादेत मुसी नदीला पूर येऊन गेल्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या साली तिनं नवऱ्याला, आश्रुबाला, जेवताना गाठलं. ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि भाकरी हातातच धरली.

"औंदा मी जानार," ती म्हणाली.

"कावून? काय ठिवलंय तिथं?"

"ठिवलंय का न्हाई, तेच बगून येते."

आश्रुबानं ताट पुढं सरकवलं. मग म्हणाला, "जा एकदाची. पन मग पुन्यांदा या घरात शहराचं नाव काढायचं न्हाई."

"एकदा तर जाऊ द्या," सत्यभामा म्हणाली आणि भाकरी वाढली.

जोशीबुवांनी बुधवारची सकाळ काढून दिली. धोंडीरामाच्या कापसाच्या गाड्या मात्र बुधवारी निघणार नव्हत्या. अशा वेळी गावात प्रस्थान ठेवत. ज्याला जायचं त्याचं एक लुगडं नाही तर धोतर, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि वाटेची भाकरी यांचं गठुडं बांधायचं आणि मुहूर्तावर घरातून उचलून शिवेकडच्या कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. गठुडं निघालं की प्रवास निघाला. माणसानं मागून दोन-तीन दिवसांत जायचं, गठुडं घ्यायचं आणि तसंच पुढं चालू लागायचं. तेवढ्यात जाणं झालं नाही, तर गठुडं परत आणून सोडायचं आणि नवा मुहूर्त धरायचा.

सत्यभामेचं गठुडं ओढ्यापलीकडं, आश्रुबाची थोरली विधवा बहीण बायनाबाई हिच्या घरी खुंटीवर गेलं. बायनाबाईही तिच्याबरोबर शहराला जाणार होती. पण गुरुवारी धोंडीरामाचा बैल लंगडू लागला. आज निघू, उद्या निघू करता करता आठवडा उलटला.

"सत्यभामा, गठुडं परत आन," सासू मुक्ताबाई म्हणाली. "निघालेलं तसंच लोंबकळत ठिवू न्हाई."

"आत्याबाई, गठुड्याला काय पाय हायेत?"

सत्यभामेला गोष्टीचं कारण लागत असे, आणि या रिवाजाचं कारण तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं. पण तिनं गठुडं आणलं नाही ते तेवढ्यासाठी नाही. एकदा ते घरात परत आलं असतं, तर सोबत कोणाची तरी तारीख, कोणाचे तरी डोळे आले असते. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

निघायच्या पहाटे तिनं बायनाबाईच्या खुंटीवरून गठुडं काढलं आणि ते हलकं लागलं म्हणून सोडून बघितलं. तांदूळ होते, सुपारी होती. भाकरी नव्हती. हिरव्या लुगड्याचा काठ धुळीनं भरला होता.

"उंदीर असल," बायनाबाई म्हणाली.

"उंदरानं गाठ सोडली, भाकरी खाल्ली, अन् पुन्हा गाठ मारली व्हय, आक्का?"

"मग मी खाल्ली म्हन!"

"तसं म्हनत न्हाई मी."

"मनात म्हनतीस. मनातलं लई मोठ्यानं बोलतीस तू."

सत्यभामा काठाकडं वाकली. काठावरची धूळ तिनं चिमटीत घेऊन चोळली. ती पांढरी होती. तेलगावची माती काळी आहे. मग गाडी आली आणि तिनं लुगडं झटकून पुन्हा बांधलं.

वाटेतला मुक्काम धरून दुसऱ्या दिवशी दुपारी बीड दिसू लागलं. आधी खंडेश्वरीच्या टेकडीवरच्या दोन दीपमाळा, मग झाडी, मग बेंदसुरा नदीचं पात्र. सत्यभामा पोत्यावर गुडघ्यांवर उभी राहिली. शहराच्या तोंडाशी रस्ता पांढऱ्या मुरमाचा होता आणि बैलांच्या खुरांखाली तो पिठासारखा उडत होता.

करोडगिरीच्या नाक्यावर गाड्या थांबल्या. तिथं येणाऱ्या मालावर सरकारी जकात घेत. एक मिशाळ जवान पोत्यांत सळई खुपसत आला. सत्यभामा खाली उतरत होती. तिच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी चाकाखाली तुटून गेली होती, म्हणून उतरताना ती उजवा पाय आधी टाकी. जवान पायाकडं बघून हसला.

"क्या बाई, तेलगावला जाऊन इतक्यात वापस?"

"मी आजच येते. जन्मात पयल्यांदा."

"हां, हां. परवा बी असंच बोल्ले तुमी. जन्मात पयल्यांदा." आणि तो पुढच्या गाडीकडं गेला.

"भांग पिऊन उभा हाय मेला," बायनाबाई म्हणाली.

सत्यभामा गाडीमागून चालू लागली. पण रस्ताभर तिनं ते मनात धरलं. सोळा वर्षांनी माणूस वेशीवर येतं, आणि पहिला भेटलेला माणूस त्याला म्हणतो, तुझं बघून झालंय.

धर्मशाळा पेठेच्या मागच्या अंगाला होती. व्यवस्था रुद्रप्पा नावाचे वाणी बघत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मऊ. त्यांनी बायनाबाईला चटई दाखवली, सुपानं पीठ आणि डाळ मोजून दिली. सत्यभामेनं पदर पुढं केला तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"एका माणसाला शिधा एकदाच, बाई. तो नियम आहे."

"मग द्या की एकदा."

"दिला. परवा. त्या खांबापाशी निजलात तुम्ही. सकाळी चूल सारवून गेलात, तेव्हाच मी म्हणालो, बाई घरंदाज आहे."

"मी परवा माझ्या घरी कापूस येचीत व्हते!" सत्यभामेचा आवाज चढला. चुलीपाशी बसलेले दोन वाटसरू वळून बघू लागले. "मला चोर म्हनता व्हय? मूठभर पिठासाठी?"

"नाव सांगू तुमचं? सत्यभामा. आश्रुबांच्या घरची. मुक्काम तेलगाव."

बायनाबाईनं शिध्याचा पदर घट्ट आवळून धरला.

रुद्रप्पांनी आवाज खाली घेतला. त्यांना वाद नको होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "जाताना त्या बाईनं सांगितलं होतं. माझ्या मागून एक येईल. दिसायला माझ्यासारखीच. नावही माझंच सांगेल. तिला काही देऊ नका."

"अन् तुमी ऐकलं? तिचं ऐकलं, अन् मी समोर उभी हाय तर माझं न्हाई?"

"आधी ती आली, बाई," रुद्रप्पा म्हणाले.

त्या रात्री सत्यभामेनं बायनाबाईच्या वाट्यातली भाकरी खाल्ली, आणि प्रत्येक घासाला तिचा संताप वाढत गेला. विचार करून तिनं कारण शोधून काढलं. आसपासच्या गावची कोणी लबाड बाई असणार. चेहऱ्यात साम्य असणार. बाजारात कुठंतरी हिचं नाव-गाव ऐकलं असणार आणि त्यावर पोट भरत असणार. कारण सापडल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दागिना चोरला तर फौजदाराकडं जाता येतं. पण कोणी आपलं बघणं चोरून नेलं, तर काय म्हणून फिर्याद करायची?

त्या खांबापाशी ती निजली नाही.

सकाळी दोघी कंकाळेश्वराला गेल्या. चौकोनी तळ्याच्या मधोमध काळ्या दगडाचं देऊळ, त्याच्याकडं जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंना हिरवं, न हलणारं पाणी. ज्याची तिनं इतकी वर्षं वाट पाहिली होती ते हेच. तिनं खांबांवरची नक्षी नीट बघायचं ठरवलं. पण खांबावरून हात फिरवताना मनात येई, इथंही तिचा हात फिरला असेल. पुजारी तीर्थ देताना ओळखीचं हसला, आणि ती तीर्थ न घेताच बाहेर आली.

तळ्याच्या काठाला गहिनीनाथ कासार बांगड्यांचा हारा घेऊन बसला होता.

"आक्का, परवाच्या पिचल्या का एवढ्यात?" त्यानं तिचा हात धरलाही. माप न घेता बरोबर तिच्या हाताची बांगडी त्यानं उचलली, बोटं दाबून पाहिली आणि थांबला.

"काय झालं?"

"काई न्हाई. परवा हात लई गार व्हता. आज ऊन लागतोय."

सत्यभामेनं हात काढून घेतला. तिच्या हातात घरच्या जुन्या दोनच बांगड्या होत्या. "ती कुठं गेली?"

"कोन?"

"परवाची. जिला भरल्या तुमी."

कासारानं बायनाबाईकडं पाहिलं, ही शुद्धीवर आहे ना, अशा अर्थानं. मग सांभाळून म्हणाला, "खजान्याच्या बावीकडं चालले म्हनलात. तिथंच थांबनार म्हनलात. कोनाची तरी वाट बगायची हाय."

बायनाबाईनं तिचा दंड धरला. "सत्यभामा, चल. धोंडीरामाची गाडी मोकळी झाली असल. घरी जाऊ."

"न्हाई."

"अगं, मला भ्या वाटतंय."

"वाटू द्या. आक्का, मी या शहरात येऊन चोर ठरले, लबाड ठरले, अन् बगितलं म्हनाल तर काईच न्हाई. सोळा वर्सं पोती शिवली मी. तिला जाब इचारल्याबिगर मी इथून हलनार न्हाई."

खजान्याची बाव शहराबाहेर, कोस-दीड कोसावर शेतांत आहे. कोण्या जहागीरदारानं सगळा खजिना तिच्या बांधकामात घातला म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. दुष्काळातही तिचं पाणी उतरत नाही, पावसाळ्यात चढत नाही. दोघी पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वरून बघताना ती जमिनीत दगडानं बांधलेली मोठी परात दिसत होती. पायऱ्या खाली जात होत्या, आणि पाण्याच्या वर आतल्या बाजूनं कमानींची गोल ओवरी फिरत होती.

बाभळीच्या सावलीत एक गुराखी म्हातारा बसला होता. सत्यभामेकडं बघून तो बावीकडं वळला, परत तिच्याकडं वळला.

"तू वर कवा आलीस?" तो म्हणाला.

बायनाबाईनं बाभळीखाली बसकण मारली. गठुडं तिनं मांडीवर घट्ट धरलं. "मी न्हाई उतरायची. तू लवकर ये."

सत्यभामा एकटी उतरली.

खाली गारवा होता. पाणी एका भुयारातून येत होतं आणि दुसऱ्यातून जात होतं, पण आवाज अगदी थोडा. ओवरीचा दगड कोरडा होता. त्या कोरड्या दगडावर ओली पावलं उमटली होती, पुढं गेलेली.

ती खाली वाकली. डाव्या पावलाला चारच बोटं होती.

तिनं आपला डावा पाय त्यावर ठेवला. तो सगळीकडून बरोबर बसला. दगड गार होता.

तेवढ्यात पुढच्या कमानींमागं बांगड्या किणकिणल्या. नव्या, भरगच्च.

"ए बाई!" सत्यभामा ओरडली. "थांब तिथं! कोन हायेस तू?"

कोणी थांबलं नाही. बांगड्या पुढं सरकल्या. सत्यभामा त्यांच्या मागं निघाली. भीती तिला वाटलीच नाही, राग इतका होता. ती भरभर चालू लागली, तशा बांगड्याही भरभर वाजू लागल्या. एक कमान, दुसरी कमान, प्रत्येक वळणापलीकडं हिरव्या लुगड्याचा काठ तेवढा दिसे आणि नाहीसा होई. तिचं हिरवं लुगडं वर, बायनाबाईच्या मांडीवरच्या गठुड्यात होतं.

ती पळू लागली.

मग पायऱ्या पुन्हा आल्या आणि तिच्या ध्यानात आलं की ओवरी गोल आहे. तिचा एक फेरा झाला होता. गोलात जो पुढं असतो तोच मागंही असतो.

ती थांबली.

बांगड्या थांबल्या नाहीत. त्या आता तिच्या पाठीमागून येत होत्या.

तिनं मान वळवली नाही. एक गार वारा तिच्या खांद्याला लागून पुढं गेला, पायऱ्यांच्या दिशेनं, जसं घाईत असलेलं माणूस लागून जावं.

"सत्यभामा!" वरून बायनाबाईची हाक आली. "चल गं बाई, वर ये!"

सत्यभामेनं ओ द्यायला तोंड उघडलं.

"आले, आक्का," पायऱ्यांच्या वरच्या टोकावरून तिचाच आवाज म्हणाला.

ती वर आली तेव्हा बाभळीखाली कोणी नव्हतं. म्हातारा गुरं घेऊन पार लांब गेला होता. पांढऱ्या रस्त्यावर दोन बायका शहराकडं चालल्या होत्या. एकीनं हिरवं नेसलं होतं. गठुडं कोणाच्याच डोक्यावर नव्हतं.

तिनं हाका मारल्या. ती धावली. दोघी सावकाश, गप्पा मारत चालल्या होत्या, तरी अंतर तेवढंच राहिलं. बायनाबाई मोठ्यानं हसत होती. मघाशी भ्यालेली बाई इतक्यात हसते कशी, याचा सत्यभामेला त्या धावपळीतही राग आला.

नाक्यावर पोचेपर्यंत ऊन कललं होतं.

"धोंडीरामाच्या गाड्या?" तिनं विचारलं.

"गेल्या की," मिशाळ जवान म्हणाला. मग त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं, आणि त्याच्या हातातली सळई तशीच राहिली. "तुमी तर गाडीतच बसून गेले, बाई. तुमी अन् ती म्हातारी."

ती पायी निघाली. वाटेतल्या वस्त्यांवर तिनं पाणी मागितलं. बायका दारातूनच म्हणत, "आत्ताच तर पाजलं तुला, गाडीत बसली व्हतीस." कोणी वाईट बोललं नाही. पाणी मात्र कोणी दिलं नाही. ती ओढ्याचं पाणी प्यायली, शेतातल्या शेंगा खाल्ल्या, आणि चालताना तिनं सगळं बोलणं मनात जुळवून ठेवलं. सासूला काय म्हणायचं. बायनाबाईला काय म्हणायचं. नवऱ्याला म्हणायचं, माझं घर आहे हे, तिला आधी बाहेर काढा.

तेलगावात शिरली तेव्हा दुसऱ्या दिवसाची दिवेलागण झाली होती. पाय सुजले होते. बायनाबाईच्या घराला कडी होती.

घराच्या दाराशी ती आली आणि तिला उंबऱ्याबाहेर भाकरीचा तुकडा दिसला. शेजारची माती पाण्यानं भिजली होती. गावाहून आलेल्या माणसाच्या पायांवर पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मग त्याला आत घेतात. ते झालेलं होतं.

दार लोटलेलं होतं. आत सगळे जमले होते.

"अन् देवळाच्या चारी अंगाला पानी," तिचा आवाज सांगत होता. "हिरवंगार. खांबावरची नक्षी तर अशी, की बोट फिरवीत ऱ्हावं."

सत्यभामेनं ती नक्षी नीट बघितली नव्हती.

"आता झालं ना समाधान?" हा आश्रुबाचा आवाज.

"झालं. पोट भरलं माझं. आता पुन्यांदा शहराचं नाव काढनार न्हाई मी."

आत सगळे हसले. आश्रुबाही हसला. सोळा वर्षांत तिनं त्याचं असं हसणं ऐकलं नव्हतं.

सत्यभामेनं कडी वाजवली. जोरात.

आश्रुबा कंदील घेऊन आला. दार उघडून त्यानं तिच्या तोंडावर उजेड धरला. तिनं मनात जुळवलेलं सगळं बोलणं ओठांवर आलं, पण ती बोलायच्या आत त्यानं कंदील हळूहळू खाली नेला. तिच्या पायांपर्यंत. डाव्या पायापाशी तो थांबला.

त्यानं ती चार बोटं पाहिली. मग त्यानं मान वळवून आत पाहिलं, जिथून बांगड्यांचा आवाज येत होता. पुन्हा तिच्याकडं पाहिलं. त्यानं तिला ओळखलं होतं. त्याच्या डोळ्यांत ते तिला स्वच्छ दिसलं.

त्यानं कंदील आत घेतला आणि दार लावलं. आतून अडसर सरकवल्याचा आवाज आला.

"कोन व्हतं?" तिच्या आवाजानं विचारलं.

"कोनी न्हाई," आश्रुबा म्हणाला.